मुलांचे चित्र मुलांचेच राहू द्या

आपल्या घराच्या ओसरीवर चार-सहा लहान मुलांना जमवावे आणि त्यांना चित्रे काढायला शिकवावे, अशी इच्छा आपल्यातील पुष्कळ भगिनींच्या आणि निवृत्त शिक्षक बंधूंच्या मनात असते. आम्ही स्वतः शाळेत शिकवतो आणि दर शनिवारी सकाळी घरच्या ओसरीवर चार ते आठ वर्षांच्या मुलांचा असा छोटा वर्ग घेतो. ओळखीची माणसे विचारतात, ‘हे कसे सुरू करायचे? काय सामान लागते? आम्हाला स्वतःला चित्रकला येत नाही, चालेल का?’ त्यांच्यासाठी आणि ज्यांची मुले अशा वर्गाला जातात त्या पालकांसाठी हा लेख आहे.

सामानाचे पुढे सांगतो. आधी मूळ गोष्ट सांगितली पाहिजे. वर्ग चांगला की वाईट, हे मुलांनी घरी किती सुंदर चित्रे आणली यावरून ठरत नाही. ती चित्रे कोणाची आहेत, यावरून ते ठरते.

आपल्याकडे मूल पाचव्या-सहाव्या वर्षापासून परीक्षेच्या वाटेला लागते. २०१७ साली सी.पी.ई. गेली आणि तिच्या जागी पी.एस.ए.सी. आली, पण घरातील काळजी गेली नाही. इंग्रजी, फ्रेंच, गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल आणि त्यात आपली मराठी. प्रत्येक विषयात एक उत्तर बरोबर आणि बाकीची चूक. मुलाच्या आठवड्यात अशी एक तरी घटका असावी, जिथे त्याचे उत्तर शेजारच्यापेक्षा वेगळे आले म्हणून लाल रेघ पडत नाही. चित्राचा वर्ग ही ती घटका आहे. तिथेही आपण नमुना पुढे ठेवून ‘असेच काढ’ म्हटले, तर ती शाळेचीच आणखी एक शिकवणी होते.

रेघोट्या ते घर

लहान मूल कसे चित्र काढते, हे शिक्षकाने आणि पालकाने थोडे तरी जाणून घ्यावे. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने १९४७ साली ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्या आजही शिकवल्या जातात.

दोन ते चार वर्षांचे मूल रेघोट्या ओढते. त्या रेघोट्यांत आपल्याला काही दिसत नाही, पण मुलाला पहिल्यांदा कळते की माझा हात फिरला आणि मागे खूण राहिली. हळूहळू रेघ वळते आणि एक दिवस सुरुवातीलाच येऊन मिळते. वर्तुळ होते. त्या वर्तुळात दोन टिंबे पडली की ते तोंड होते. मग त्या तोंडालाच खालून दोन काठ्या येतात आणि मूल सांगते, ‘ही आजी.’ पोट नाही, मान नाही, डोक्यातूनच पाय निघालेले. चार-पाच वर्षांची मुले जगभर माणूस बहुधा असाच काढतात. म्हणून ‘अरे, आजीला पोट नाही का?’ असे हसून विचारू नये. पोट आपोआप येते. घाई केली तर पोट येते, पण आजी जाते.

सात वर्षांच्या सुमारास कागदाच्या तळाशी एक आडवी रेघ दिसू लागते. ती जमीन. घर, झाड, माणसे सगळी तिच्यावर ओळीने उभी. याच वयात मूल भिंतीच्या आरपार पाहते. बस काढली तर बाहेरून खिडक्याही दिसतात आणि आत बसलेल्या माणसांचे पायही दिसतात. यात चूक काहीच नाही. मूल डोळ्यांना दिसते तेवढेच काढत नाही, त्याला जे ठाऊक आहे ते काढते.

यानंतर अवघड वय येते. आठ-नऊ वर्षांचे झाल्यावर मुलाला आपल्या आणि मोठ्यांच्या चित्रातला फरक दिसू लागतो आणि ते म्हणते, ‘मला येत नाही.’ पुष्कळ माणसे त्या दिवशी जी पेन्सिल खाली ठेवतात, ती पुन्हा उचलत नाहीत. तुमच्या-आमच्यातील कितीतरी जण आज सांगतात, ‘आमचा हात चित्राचा नाही.’ हात सगळ्यांचा होता. मात्र ज्या मुलाने चार वर्षे स्वतःचीच चित्रे काढली आहेत, त्याच्याजवळ या अवघड वळणावर धरायला काहीतरी असते. जे दुसऱ्याच्या रेघांत रंग भरत आले, त्याच्याजवळ काही नसते.

डोडोची गोष्ट

छापील रेघांच्या आत रंग भरण्याचे कागद आपल्याकडे घरोघरी असतात आणि आता फोनवरही मिळतात. वेळ घालवायला ते वाईट नाहीत. त्यांना चित्रकला मात्र म्हणू नये. आपला डोडो पाहा. हा पक्षी सतराव्या शतकातच नाहीसा झाला, आज जगात असा एकही माणूस नाही ज्याने तो जिवंत पाहिला आहे. तरी मुलांना डोडो काढायला सांगितले की सगळ्यांचे डोडो सारखे. तेच जाड पोट, तीच वाकडी चोच, डावीकडे तोंड. छापील कागदावरचा डोडो त्यांच्या हातात बसलेला आहे.

आमच्या वर्गात आम्ही कागद वाटण्याआधी विचारले, ‘डोडोला उडता येत नव्हते. मग तो पावसात कुठे जाई? रात्री कुठे झोपे?’ त्यानंतर आलेल्या सहा चित्रांत सहा डोडो होते. एक झाडाच्या ढोलीत, एक आईच्या पोटाखाली, एकाच्या डोक्यावर केळीचे पान. नमुना काढून घ्यायचा आणि त्याच्या जागी प्रश्न ठेवायचा, एवढीच यातली शिकवण.

सहापेक्षा जास्त नकोत

घरच्या वर्गात सहा मुले पुरे. यात घरातील जागेचा प्रश्न आहे, पण मुख्य कारण वेगळे आहे. लहान मुलाला चित्र काढताना बोलायचे असते. अर्धे चित्र कागदावर असते आणि अर्धे त्याच्या तोंडात. सहा मुलांचे ऐकता येते, बारांचे ऐकता येत नाही. मग आपण ओरडून सूचना देऊ लागतो आणि ओसरीची शाळा होते.

वेळ सव्वा तासाचा असावा. पहिली दहा मिनिटे काहीतरी बघणे आणि बोलणे: फणसाचे पान, शंख, शेजारचा कोंबडा. मग चाळीस मिनिटे काम. दहा मिनिटे आवराआवर, ती मुलांनीच करायची. शेवटची पंधरा मिनिटे सगळी चित्रे दोरीवर टांगून सर्वांनी पाहायची. ज्याचे काम दहा मिनिटांत संपते, त्याला ‘अजून काढ’ म्हणून ताटकळत ठेवू नये. त्याच्यासाठी कोपऱ्यात मातीचा गोळा तयार असावा.

घरी दुसऱ्यांची मुले येतात तेव्हा दरवाजे उघडे ठेवावेत आणि आणखी एक मोठे माणूस नजरेच्या टप्प्यात असावे. कोणत्या मुलाला न्यायला कोण येणार, हे वहीत लिहून घ्यावे. मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय फोनवरून कोणालाही पाठवू नयेत. फी घ्यायची तर रंग-कागदाचा खर्च भागेल एवढी तरी घ्यावी. फुकट दिलेल्या वर्गाला मुले वाटेल तेव्हा येतात, असे दिसते.

सामान थोडे, पण जाड

लहान मुलांच्या वर्गाला फारसे सामान लागत नाही. दोन बुटकी टेबले, त्यांवर मेणकापड. वडिलांचे जुने सदरे, उलटे घालून मागे गुंड्या लावलेले. दह्याचे रिकामे डबे. कागद मोठा हवा, कारण लहान मूल चित्र खांद्यापासून काढते, बोटांनी नाही. छोट्या वहीत त्याचा हात कोंडतो. दुकानातील तपकिरी बांधणीचा कागद पुष्कळ स्वस्त पडतो आणि त्यावर पांढरा रंग फार खुलतो.

ब्रश जाड आणि चपटे घ्यावेत. मेणाचे खडूही जाड. रबर वर्गात ठेवू नये. रबर असले की मूल निम्मा वेळ खोडण्यात घालवते. रंग पाचच: लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा. डबीवर ‘विषारी नाही’ असे लिहिले आहे ना, तेवढे पाहून घ्यावे. हिरवा विकत आणू नये. पिवळ्यात निळा पडून हिरवा झालेला मुलाने स्वतः पाहिला, तर त्या दिवसाचा वर्ग सार्थकी लागला.

डिंकही घरी होतो. एक वाटी मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा, तीन वाट्या उकळत्या पाण्यात ओतून दाट होईपर्यंत ढवळावा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसे पाणी घेऊन मळले, की खेळायचा गोळा तयार. मिठामुळे तो कोणी तोंडात घालीत नाही, घातला तरी लगेच थुंकतो.

रंग अंगणात आहेत

शामारेलची सात रंगांची माती पाहायला पर्यटक विमानाने येतात. ती ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन झालेली आहे. तिच्यातील लालसर आणि तपकिरी छटा लोहामुळे आल्या. तिथली माती उचलायची नाही, पण लोह आपल्या अंगणातील लाल मातीतही आहे. ती वाळवून, कुटून, जुन्या फडक्यातून चाळून डिंकात कालवली की सुरेख विटकरी रंग होतो. चुलीतल्या कोळशाचा काळा होतो. तांदळाच्या पिठाचा पांढरा होतो.

हळदीचा प्रयोग मुलांना सर्वांत आवडतो. हळद पाण्यात कालवून कागदावर पिवळा पट्टा मारायचा. तो वाळल्यावर खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून त्यावर ब्रशने रेघ ओढायची. पिवळ्यावर लाल रेघ उमटते. मुले किंचाळतात. तेव्हा त्यांना सांगावे, की जुन्या काळी आपल्या बायका हळदीला चुना लावून कुंकू करीत, ते याच गुणावर. आजीच्या कपाळावरचे कुंकू आणि हा कागद यांचे नाते मूल मग विसरत नाही.

आजूबाजूच्या वस्तूंनी मुलांना शिकवायचे, ही रीत मराठीत नवीन नाही. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गरीब मुलांसाठी बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांच्या सहकारी. महागडी शैक्षणिक साधने आणायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने, फुले हीच साधने केली. १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि तिथे आदिवासी मुलांत हे काम पुढे नेले. आपले पूर्वज बोर्डीच्या खालच्या कोकणपट्टीतून आले, आणि शिंपले तर आपल्या बेटालाही कमी नाहीत.

त्याच भागात वारली लोक राहतात. त्यांच्या बायका लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. पुढे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी ती कला कागदावर आणली. २०११ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे धड, वर गोल डोके, बारीक हातपाय. ‘मला येत नाही’ म्हणणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला आम्ही ही चित्रे दाखवतो. त्याला कळते, की खऱ्यासारखे काढणे हा चित्राचा एकच मार्ग नाही. मात्र वारली चित्रही उतरवून घ्यायला देऊ नये. ‘तुमच्या घरची माणसे गोल करून नाचतात तेव्हा कशी दिसतात?’ असे विचारावे. आपल्या मुलांनी झाकरी पाहिलेली असते. ती काढतात.

काळा समुद्र

मुलांचे चित्र का सुधारू नये, याचे उत्तर आम्हाला २०२० साली सर्वांत स्पष्ट मिळाले. त्या वर्षी २५ जुलैला ‘वाकाशिओ’ हे जहाज प्वाँत देस्नीजवळच्या प्रवाळावर चढले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातले तेल समुद्रात पसरू लागले. सुमारे हजार टन तेल गेले. उसाचे पाचट भरून लांबच लांब तरंगते बांध करायला सारे बेट धावले, ते आपल्याला आठवतच असेल. आपली मुलेही आईवडिलांबरोबर पाचट भरीत होती.

त्यानंतरच्या शनिवारी पाच वर्षांच्या एका मुलाने आधी निळा समुद्र काढला. त्यात मासे काढले, एक बोट काढली. मग त्याने मोठा ब्रश काळ्यात बुडवला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सगळे झाकून टाकले. न्यायला आलेल्या आजीबाई म्हणाल्या, ‘अरेरे, एवढे छान काढले होते, घाण केलेस! चल, दुसरा कागद घे, निळे काढ.’ मूल काही बोलले नाही. आम्ही त्याला विचारले, ‘मासे कुठे गेले?’ तेव्हा ते बोटाने काळ्या कागदाच्या खालच्या कोपऱ्याकडे दाखवून म्हणाले, ‘इथे आहेत. खाली. वाट बघतात.’

आजीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तो काळा कागद पुढे कित्येक महिने त्यांच्या स्वयंपाकघरात लावलेला होता. त्या मुलाला त्या आठवड्याबद्दल घरात कोणी काही विचारले नव्हते. मोठी माणसे मोठ्या माणसांशी बोलत होती. त्याचे म्हणणे त्याने कागदावर मांडले. तो कागद आपण निळा करून घेतला असता, तर चित्र सुंदर झाले असते आणि मासे कोणालाच सापडले नसते.

आपण काय बोलावे

म्हणून वर्गात आम्ही एक नियम पाळतो: शिक्षकाचा ब्रश मुलाच्या कागदाला लागत नाही. ‘मला कुत्रा काढून द्या’ असे मूल म्हणते. आपण काढून दिला तर ते पुढच्या वेळीही आपल्याकडेच येणार. त्यापेक्षा विचारावे, ‘कुत्र्याचे कान उभे की पडलेले? शेपूट केवढे?’ उत्तर ठाऊक नसेल तर अंगणात जाऊन कुत्रा पाहून यावा. परत आलेले मूल बहुतेक वेळा आपण होऊन काढू लागते.

नुसते ‘छान, छान’ हेही फार उपयोगाचे नाही. मुलाला लवकरच समजते की हे सगळ्यांना म्हणतात. त्याऐवजी आपल्याला जे दिसते ते सांगावे: ‘इथे तू खूप जोरात दाबलेस’, ‘हे झाड कागदाच्या बाहेर चालले आहे.’ ‘हे काय आहे?’ असे विचारण्यापेक्षा ‘मला याबद्दल सांग’ असे म्हणावे. पहिल्या प्रश्नात संशय आहे, दुसऱ्यात आमंत्रण आहे.

हे बोलणे मराठीत व्हावे, असा आमचा आग्रह असतो, आणि इथे या वर्गाचा दुसरा लाभ होतो. मुले आपापसात क्रिओल बोलतात, ते स्वाभाविक आहे. रूज, ब्ले, वेर, झोन हे रंग त्यांना आधी येतात. शाळेत मराठी विषय म्हणून येते, पुस्तकातून येते. पण ओला आणि कोरडा, पातळ आणि घट्ट, गडद आणि फिका हे शब्द हात रंगात असताना ऐकले की पाठ करावे लागत नाहीत. ‘पाणी जास्त झाले, रंग ओघळतोय’ हे वाक्य मूल एकदाच ऐकते आणि पुढच्या शनिवारी शेजाऱ्याला ऐकवते.

आपल्या भाषेत रंगांची नावे झाडांवर, पक्ष्यांवर आणि घरातल्या वस्तूंवर आहेत. पोपटाचा पोपटी, मोराच्या पिसाचा मोरपंखी, विटेचा विटकरी, राखेचा राखाडी, शेंदराचा शेंदरी, डाळिंबाचा डाळिंबी. जांभळा रंग जांभळाचा. मुले ज्याला क्रिओलमध्ये झांब्लों म्हणतात, तेच आपले जांभूळ. एका मुलीने हे ऐकल्यावर जीभ बाहेर काढून दाखवली आणि विचारले, ‘झांब्लों खाल्ल्यावर होते ते जांभळे?’ व्याकरणाच्या कोणत्या पुस्तकाने हे इतक्या झटपट शिकवले असते?

वर्गात एखाद्या आजी-आजोबांना येऊन बसायला सांगावे. त्यांनी शिकवायचे काही नाही. रांगोळीची चिमूट कशी धरतात, एवढे दाखवले तरी पुष्कळ. भाद्रपदापूर्वीच्या दोन शनिवारी आम्ही माती आणतो. मुले गणपती करतात, त्याहून जास्त उंदीर करतात. कोणाच्या गणपतीची सोंड तुटते, मग ती पुन्हा जोडली जाते. साध्या मातीचा गणपती पाण्यात विरघळतो, प्लास्टरचा विरघळत नाही, हे बादलीत दोन्हीचे तुकडे टाकून दाखवले की व्याख्यानाची गरज राहत नाही.

पालकांना विनंती

पालकहो, शनिवारी घरी आलेला कागद कदाचित तपकिरी चिखलासारखा दिसेल. सगळे रंग एकत्र केले की असेच होते, आणि ते एकदा करून पाहिल्याशिवाय मुलाला कळत नाही. शेजारच्या मुलाच्या चित्राशी त्याची तुलना करू नका. बक्षिसासाठी चित्र पाठवायचे असेल तर जरूर पाठवा, पण रात्री बसून स्वतः त्याच्या कडा काळ्या करू नका. बक्षीस तुम्हाला मिळेल आणि मूल समजून चुकेल की त्याचे चित्र पुरेसे नव्हते.

प्रत्येक चित्राच्या मागे तारीख आणि मुलाने सांगितलेले एक वाक्य मराठीत लिहा. त्याने क्रिओलमध्ये सांगितले तर त्याच्यासमोर मराठीत म्हणून दाखवा आणि मग लिहा. सगळी ठेवता येत नाहीत, महिन्यातून एक ठेवा. वर्षाला बारा होतात, एका पुठ्ठ्याच्या घडीत मावतात. तीन-चार वर्षांनी ती क्रमाने जमिनीवर मांडा. पोट नसलेली आजी, मग पोटाची आजी, मग जमिनीच्या रेघेवर उभी असलेली आजी, मग हातात पिशवी घेऊन बाजाराला निघालेली आजी, अशी सगळी दिसतील. मुलाची वाढ गुणपत्रकातही दिसते, पण इतकी स्पष्ट दिसत नाही.

आणि ज्यांना वाटते की स्वतःला चित्र येत नाही म्हणून वर्ग कसा घ्यावा, त्यांना एवढेच सांगतो: ज्याला फार चांगले चित्र येते, त्याला मुलाच्या कागदाला हात लावण्याचा मोह जास्त होतो. तुमच्याकडे ओसरी आहे, शनिवार आहे, मराठी आहे आणि ऐकून घ्यायची सवय आहे, तर पाच रंग आणा आणि शेजारची चार मुले बोलवा.